खालचा आवाज

बटण दाबायची वेळ आली तेव्हा अमरने ते दाबलं नाही. कानांवर जड काळे हेडफोन होते, हातात वायरला जोडलेलं बटण होतं, आणि काचेपलीकडे मशीनपुढे बसलेल्या अर्पिता नावाच्या मुलीने बजावलं होतं की आवाज कितीही बारीक असो, आला की दाबायचं. सुरुवातीला तो दाबत होता. आवाज एकामागून एक येत होते, गोल, एकटे, कुणाचेच नसलेले. मग ते यायचे थांबले. त्याला वाटलं, तपासणी संपली असावी. दत्त चौकातल्या कानाच्या मशीनच्या दुकानामागची ही खोली कपाटाएवढी होती, भिंतींना तपकिरी स्पंज लावला होता, आणि तेवीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये काढलेल्या माणसाला ती शांतता ओल्या कपड्यासारखी अंगाला चिकटत होती. तो स्पंजमधली भोकं पाहत बसला. काचेपलीकडे अर्पिता एक चकती थोडी थोडी फिरवत होती आणि दर वेळी मान वर करून त्याच्याकडे बघत होती. शेवटी ती उठून आत आली.

"काका, दाबा ना बटण."

"आवाज बंद झाला न तुमचा."

"बंद कुठे? चालू आहे."

तिने त्याच्या कानावरून हेडफोनची एक बाजू काढली, स्वतःच्या कानाशी नेली आणि चटका बसल्यासारखी दूर केली. अमर तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. आपल्या कानाशी इतका वेळ काहीतरी किंचाळत होतं, आणि आपण भिंतीकडे पाहत बसलो होतो. त्याला भीती वाटली नाही. दुसऱ्याच कुणाच्या घरात काही सांडलं असावं, तसं वाटलं.

नंतर तिने कागद दाखवला. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. दोन्ही रेघा डावीकडून सरळ चालत आल्या होत्या आणि अर्ध्यावर एकदम खाली उतरल्या होत्या. "जाडे आवाज तुम्हाला चांगले येतात," अर्पिता मोठ्याने, त्याच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली. "बारीक गेलेत. बायकांचे, मुलांचे, पाखरांचे. बोलण्यातला स पडतो, त पडतो. मग माणूस अंदाज लावतो."

"कधीपासून असन?"

"एकदम नाही होत असं. सात-आठ वर्षं तरी झाली असतील. मशीनवर काम करणाऱ्यांना होतं." ती हसली. "समोरचा काही बोलला की तुम्ही नुसतं हो म्हणत असाल. सगळेच म्हणतात."

बाहेर येऊन तो चौकातल्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसला. डिसेंबरातलं दुपारचं ऊन होतं. समोरून कापसाने भरलेला एक मेटाडोर गेला, त्याच्या पाठीमागे पांढरे पुंजके रस्त्यावर लोळत गेले. सगळे हॉर्न त्याला ऐकू येत होते, किंवा येत आहेत असं वाटत होतं. आता यातलं काहीच खात्रीचं नव्हतं. टपरीवाला काही बोलला. अमरने मान हलवली, आणि मान हलवल्याचं स्वतःलाच दिसलं. टपरीवाल्याने कटिंगऐवजी फुल चहा आणून ठेवला. तो त्याने पिऊन टाकला.

कान तपासायला तो विठ्ठलरावामुळे आला होता. विठ्ठलराव जिनिंगचा सुपरवायझर. मंगळवारी सात नंबरच्या मशीनचं बेअरिंग कोरडं पडलं आणि किरकिरायला लागलं. रुईच्या गंजीशेजारी कोरडं बेअरिंग म्हणजे ठिणगी, आणि ठिणगी म्हणजे काय हे जिनिंगमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. इतकी वर्षं अशी किरकिर सगळ्यांत आधी अमरलाच कळायची. तो फिटर होता; मशीनच्या अंगावर तळवा ठेवून रोलर कुठे घासतो ते सांगायचा. त्या दिवशी तो सात नंबरच्या शेजारी उभा राहून फडक्याला हात पुसत होता, आणि सरकी भरणाऱ्या मैनाबाईने तिकडून धावत येऊन पट्टा बंद केला. विठ्ठलरावाने त्याला बाजूला घेतलं. ओरडला नाही. "अमर, कान दाखवून घे," एवढंच म्हणाला, आणि कळावं म्हणून स्वतःच्या कानाला बोट लावलं.

पण खरं कारण विठ्ठलरावही नव्हता. खरं कारण रविवारचं होतं. रविवारी सकाळी पाटीपुऱ्यातल्या त्याच्या घरासमोर एक टेम्पो थांबला. टेम्पोवर निळ्या-पिवळ्या अक्षरांत 'रोशन साउंड, बाभुळगाव' असं लिहिलेलं होतं, आणि त्यातून त्याची मुलगी ममता उतरली. दोन वर्षांत त्याने तिला पाहिलं नव्हतं. सातवा महिना असावा. ती एक हात कमरेवर ठेवून उतरली. अमर दारात उभा होता. ती जवळ आली आणि म्हणाली, "जयभीम बाबा." याला उत्तर न देणं त्याला कधी जमलं नसतं. तोही जयभीम म्हणाला. टेम्पोजवळ तिचा नवरा रोशन उभा होता. तोही काही बोलला; अमरने मान हलवली. रोशन थोडा वेळ तिथेच थांबला, मग दोन बॅगा ओट्यावर ठेवून टेम्पो घेऊन निघून गेला. घरात शीलाने आधीच खाटेवर नवी चादर घातली होती. शेवया काढल्या होत्या. बायकोचा असा चेहरा त्याने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. भांड्यांच्या फळीशी ती त्याच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "तुमी हो म्हणले, मले तं खरंच नाही वाटलं. चार दिवस मी कोणाले सांगतलं नाही, म्हणलं पलटले तं?"

आपण कशाला हो म्हणालो, हे त्याला तिथे उभं राहून शोधावं लागलं. त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी जेवताना शीला समोर बसली होती. स्टोव्ह चालू होता. ती ताटाकडे बघून काही बोलली, आणि मग त्याच्याकडे पाहत राहिली. तिला उत्तर पाहिजे होतं म्हणून त्याने दिलं. हो, म्हणाला. मीठ असेल, गॅसचं कार्ड असेल, बहिणीकडे जायचं असेल. ती विचारत होती, ममताले बाळंतपणाले आणू का.

चहा संपला होता. तो बसूनच राहिला. आपल्याला रविवारी राग आला होता का, हे तो तपासत होता. राग नव्हता. आपल्या नावाने कुणीतरी एक मोठं, चांगलं काम करून गेलं होतं आणि आपण त्याचं श्रेय घेत फिरत होतो, असं चार दिवस चाललं होतं. ममता समोर आली की तो पेपर उघडायचा. ती बोलायची, तो मान हलवायचा. पेपरची आठवण झाल्यावर त्याला मागच्या महिन्यातला तो फोटो आठवला. त्या वर्षी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांसाठी यवतमाळात बाहेरचे लोक फार यायचे. कॅमेरे घेऊन गावोगाव फिरायचे, जिनिंगच्या फाटकाशी थांबायचे, कापसाच्या गाड्यांच्या आखूड झालेल्या रांगेकडे पाहायचे. एका बाईने त्याच्यासमोर माईक धरून काही विचारलं होतं आणि त्याने मान हलवली होती. आठ दिवसांनी एका पेपरात त्याचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, चिंताग्रस्त शेतकरी. त्याच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर वावर नव्हतं. जिनिंगमध्ये सगळे दोन दिवस हसले. पेपरवाले काहीही छापतात, असं तोही म्हणाला होता.

जाडे आवाज तुम्हाला चांगले येतात. हे त्याला नवं नव्हतं. जाडे आवाज ऐकायला तो मुद्दाम शिकला होता, चौदा वर्षांचा असताना, राजूरच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत. त्याचे वडील बापूजी खाणीत पाण्याच्या पंपावर होते. जमिनीखालचा तो पंप रात्रंदिवस चालायचा आणि घरातल्या मातीच्या जमिनीवर कान ठेवून झोपलं की ऐकू यायचा. कॉलनीत आसनसोलचे घोषालबाबू म्हणून सर्व्हेयर होते. त्यांच्याकडे कलकत्त्याहून आणलेल्या विलायती रेकॉर्ड होत्या आणि स्वतः जोडलेला अँप्लिफायर होता. एकदा बापूजींचा निरोप घेऊन गेलेला अमर त्यांच्या दारातच थांबला, कारण आत पंप वाजत होता. म्हणजे त्याला तसं वाटलं. वर कुणी इंग्रजीत गात होतं, झांजा होत्या, पेटीसारखं काही होतं, आणि या सगळ्यांच्या खाली पंप चालला होता, फक्त हा पंप वळत होता, चढत होता, थांबून पुन्हा धावत होता. घोषालबाबूंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं असावं. "गाना मत सुनो," ते म्हणाले. "गाना सब सुनते हैं. नीचे जो चल रहा है ना, उसको पकड़ो."

त्याने तो पकडला आणि नंतर सोडला नाही. रेकॉर्डच्या पाकिटांवरची नावं घोषालबाबूंनी वाचून दाखवली, ती त्याने शाळेच्या वहीत मागच्या पानावर उतरवली. क्रिस स्क्वायर. ग्रेग लेक. जॉन वेटन. इंग्लंडातली माणसं, लांब केसांची, चार जाड तारांची गिटार, म्हणजे बेस, वाजवणारी. बाकीची पोरं भिंतीवर नट्यांची चित्रं लावायची तेव्हा अमर या तिघांत भेद करायला शिकत होता. वेटनचा आवाज जड, खरखरीत, कोळशाने भरलेली ट्रॉली रुळावरून यावी तसा. लेक स्वतः गायचा आणि गाताना खाली बोटं वेगळंच बोलायची. एक माणूस दोन गोष्टी एकदम कशा सांगतो, याचं त्याला कोडं होतं. पण स्क्वायर सगळ्यांहून निराळा. त्याच्या बँडचं नाव येस. अमरने अर्थ विचारला तर घोषालबाबू म्हणाले, "येस मतलब हाँ. और क्या." स्क्वायर बोटांनी नाही, नखीने वाजवायचा, त्यामुळे त्याच्या जाड आवाजाला एक धार होती. स्वर उमटण्याआधी तारेवर नखी लागल्याचा बारीक खटका यायचा, पत्र्यावर खडा पडावा तसा. त्या खटक्यासाठी अमर तासतास बसायचा. खालचं वाद्य असून तो खाली राहत नव्हता; गाण्याच्या मधोमध येऊन चालायचा, आणि तरी गाणं त्याच्यावरच उभं असायचं. भीमजयंतीला नागपूरहून गाण्याची पार्टी आली की अमर स्टेजच्या बाजूला, बेस वाजवणाऱ्याच्या जवळ जाऊन उभा राहायचा. एकदा त्या माणसाने विचारलं होतं, काय पाहून राह्यला रे? अमरला सांगता आलं नव्हतं. त्याने स्वतः कधी वाजवलं नाही. वाजवावं असं वाटलंही नाही. आपण ऐकणारे आहोत, हे त्याला फार लवकर कळलं होतं, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता.

घोषालबाबूंनी बदली झाल्यावर त्याला सहा कॅसेट भरून दिल्या. त्या घेऊन तो यवतमाळला आला, जिनिंगला लागला, लग्न केलं. शीलाला त्या कॅसेट भांडणासारख्या वाटायच्या. ममताला मात्र नाही. चार वर्षांची ममता टेपरेकॉर्डरच्या जाळीवर तळहात ठेवून विचारायची, "बाबा, हा जाड्या कोण हाय?" तो सांगायचा, हा क्रिस. ती म्हणायची, किस. पुढे ती डोळे मिटून तिघांना ओळखायला लागली. साऱ्या यवतमाळात असं ओळखणारी दोनच माणसं होती आणि ती एकाच घरात राहत होती. मग ती मोठी झाली, आणि चारपाच वर्षांपूर्वी स्क्वायरचा तो खटका नाहीसा झाला. धार गेली, नुसता गोल, बोथट स्वर उरला. टेप झिजली, असं त्याने ठरवलं. टेपरेकॉर्डरच्या हेडला स्पिरिटचा कापूस फिरवला, स्क्रू पिळले. एकदा ममताला विचारलंही होतं, टेप झिजली का गं? ती काही म्हणाली होती. काय म्हणाली होती ते आठवेना, कारण त्याने ऐकलंच नसणार. खटका टेपमध्ये होता. तो सारा वेळ तिथेच होता.

ममताने लग्न केलं ते रोशन राठोडशी, आणि रोशनचा धंदा डीजेचा. टेम्पोत माणसाएवढे बॉक्स घालून तो लग्नांना, मिरवणुकांना जायचा. अमरने नातेवाइकांत सांगितलं, जात मी पाहत नाही. पोरगा बंजारा असो, कोणी असो. पण तो बेस नव्हे, कुटणं हाय. लोकांना वाटलं, थट्टा करतो. तो थट्टा करत नव्हता. आपल्याला हे खरंच लागलं आहे, असं त्याने स्वतःला दोन वर्षं पटवलं होतं, आणि बाकावर बसून आता ते त्याने उचलून पाहिलं तर ते फारच हलकं निघालं. लागलं होतं ते वेगळंच. तिने सांगितलं नाही, हे. जाळीवर तळहात ठेवणारी पोरगी अमरावतीला जाऊन नोंदणी करून आली आणि बापाला शेजाऱ्याकडून कळलं. त्या दिवशी तो तिला काय काय बोलला ते त्याला शब्दन्‌शब्द आठवत होतं. ती दारात उभी राहून त्याच्याकडे नुसती पाहत होती. जणू फसवलं तिला होतं, त्याला नव्हे. ते पाहणं त्याला निर्लज्ज वाटलं होतं.

घरी आला तेव्हा शीला दळण आणायला गेली होती. ममता ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती. तो आत निघाला होता, पण थांबला आणि तपासणीचा कागद तिच्यापुढे धरला. तिने हात पुसले. दोन्ही रेघांवरून बोट फिरवत ती त्या उतरणीपर्यंत आली आणि बोट तिथेच राहिलं.

"केव्हापासून हाय हे?"

"सात-आठ वर्षं, म्हणते ते पोरगी."

ममताने त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला आपल्या शेजारी बसवलं. तिचा चेहरा इतका जवळ होता की कपाळावरचे तुरीच्या धुळीचे कण त्याला दिसत होते. ती ओरडत नव्हती, पण एकेक शब्द वेगळा ठेवत होती.

"बाबा, मी तुमाले पहिले सांगतलं होतं."

"काय?"

"लग्नाचं. दिवाळीच्या पहिले. तुमी इथंच बसले होते, टेप लावला होता. मी म्हणलं, मी रोशनसंग लग्न करून राह्यली, तुमी आईले समजवा. तुमी माह्याकडे पाह्यलं, मान हलवली. हो म्हणले." ती थांबली. "दोनदा म्हणले. मी किती रडली होती त्या दिवशी. आनंदानं. म्हणून मंग काहीच बोलली नाही कोणाले. म्हणलं, बाबाले माहीत हाय."

अमरला तो दिवस आठवायला हवा होता. आठवला नाही. असे खूप दिवस होते. ती येऊन बसायची, टेप चालू असायची, ती काही बोलायची आणि तो मान हलवायचा, कारण ती शेजारी बसली आहे हे त्याला बरं वाटायचं. त्यातला एक दिवस तो होता. रागाच्या दोन वर्षांत तिने या घराबद्दल काय धरून ठेवलं असेल, हे त्याने पहिल्यांदा मनात आणून पाहिलं. बापाने हो म्हटलं आणि मग गल्लीसमोर तोंड फिरवलं. ती दारात उभी राहून तशी का पाहत होती, ते आता स्वच्छ होतं. आता गप्प राहिलं तरी चाललं असतं. ती त्याला माफ करत होती, हे तिच्या बाही धरण्यातच होतं. पण मग रविवारचं तसंच राहिलं असतं.

"आत्ताही मी ऐकलं नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"तुझी आई म्हणली ते. तुले आणू का म्हणून. मले काई ऐकू नाही आलं. नुसतं हो म्हणलो."

ममताने सूप खाली ठेवलं. रस्त्यावरून एक सायकल गेली. ती बराच वेळ सायकलीच्या दिशेने पाहत होती, आणि आत ठेवलेल्या दोन बॅगा अमरला न बघता दिसत होत्या.

"मंग आता ऐका," ती म्हणाली. "राहू मी इथं?"

"राहा."

"ऐकलं ना नक्की?"

"राहू का, म्हणली तू."

तिने तोंडावर ओढणी घेतली. खांदे हलत होते. ती हसते आहे की रडते आहे हे कळायला त्याला आवाज हवा होता आणि तो बारीक होता. त्याने विचारलं नाही. थोड्या वेळाने, तिने तोंड पुसल्यावर, त्याला राहवलं नाही. "रविवारी तुहा नवरा काय म्हणला होता? टेम्पोपाशी?"

ममता त्याच्याकडे पाहायला लागली. "तेही नाही ऐकलं तुमी?"

"नाही."

"तो म्हणला, बाबा, मी आत येऊ का. तुमी मान हलवली. पण दारातून काही हलले नाही. म्हणून तो गेला."

दुसऱ्या दिवशी अमरने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि बाभुळगावची एसटी धरली. ममता म्हणाली होती, फोन लावून देते. तो नको म्हणाला, फोनमध्ये तोंड दिसत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. रोशनचं दुकान स्टँडच्या मागे, पत्र्याचं. बाहेर टेम्पो लावून तो दोन मोठे बॉक्स जोडत होता. अमर आल्याचं त्याला कळलं नाही, कारण त्याच क्षणी त्याने चाचणीसाठी गाणं सोडलं. पत्रे थरथरले. अमरच्या बरगड्यांत, दातांत, गुडघ्यांत ते घुसलं. तो उभा राहून नीट ऐकत होता. पूर्ण ऐकू येत होतं, काहीही पडत नव्हतं, आणि ते वाईट होतं. एकाच जागी, एकाच स्वरावर, वरच्या गाण्याशी काही देणंघेणं नसल्यासारखं.

रोशनने वळून पाहिलं आणि धावत जाऊन आवाज बंद केला. तारेने काळे झालेले हात कुठे ठेवावेत हे त्याला समजेना. पोरगा सडपातळ होता, डोळे झोप न झालेल्या माणसासारखे. दोन वर्षांत अमरने त्याला इतकं जवळून पाहिलं नव्हतं.

"बाबा, तुमी? ममता बरी हाय ना?"

हे अमरने त्याच्या ओठांवरून घेतलं. "बरी हाय. हे काय वाजवून राह्यला तू?"

"नवा बॉक्स हाय. कसा वाटला बेस?"

"खराब."

रोशन हसला नाही. त्याने बॉक्सकडे पाहिलं, मग अमरकडे. "पब्लिकले असाच पाहिजे, बाबा."

"असन. पण वरचं गाणं कुठं चाललं अन् हा कुठं कुटून राह्यला. दोघाईची भेट तं होऊ दे." एवढं बोलून झाल्यावर अमरला वाटलं, आपण हे सांगायला आलो नव्हतो. "रविवारी तू आत येऊ का म्हणला. मले ऐकू आलं नाही. माहे कान गेले हाय. मी मान हलवतो, त्याच्यावर जाऊ नको. घरी येत जा."

रोशन खाली वाकला, सुटलेली वायर गुंडाळायला लागला, आणि वाकूनच काही म्हणाला. अमरची मान आपोआप हलायला लागली होती. त्याने ती थांबवली.

"काय म्हणला? तोंड वर करून सांग. जोरानं."

रोशन उभा राहिला. आधी त्याने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या सायकलच्या दुकानातले दोघे आणि पलीकडची भाजीवाली त्यांच्याकडेच बघत होते. मग छाती भरून, टेम्पोवरून मिरवणुकीत ओरडतो त्या आवाजात तो ओरडला, "चहा घेता का, म्हणलं!"

भाजीवाली हसायला लागली. रोशनचे कान लाल झाले होते.

"साखर कमी टाकजो," अमर म्हणाला, आणि आत जाऊन बसायला जागा शोधू लागला.